बिनक्वांजुलेचा जावई

मिनिबसमधून उतरल्या उतरल्या टिओपिस्ताबाईंनी लुबोवाचा हात हातात घेऊन गदगदा हलवला, आणि कंपालातल्या ब्वाइसेच्या भर बाजारात त्याची अब्रू गेली.

बिचाऱ्याने तयारी काय कमी केली होती? सासू येणार म्हणून तो सकाळपासून थांब्यापासून लांब, मटोकेच्या, म्हणजे हिरव्या केळ्यांच्या, घडांनी भरलेल्या हातगाडीमागे, रस्त्याकडे पाठ करून उभा होता. बायकोने, म्हणजे नान्तालेने, आईला उतरवून घ्यावं, पुढे घालून घरी न्यावं, आणि मागाहून आपण बोडावर सामान टाकून हळूच पोचवावं, असा बेत होता. बोडा म्हणजे त्याची मोटरसायकल. तिच्यावर कंपालाभर भाडी मारून तो घरच्यांची पोटं भरायचा. आमच्या बुगांडात जावयाने सासूच्या वाऱ्याला उभं राहायचं नसतं. ती समोरून आली तर त्याने तोंड फिरवावं, तिने केळीच्या बागेत शिरावं, दोघांनी एका छपराखाली झोपू नये. चुकून स्पर्श झालाच तर जावयाचे हात जन्मभर लटलट कापतात म्हणे. तसे हात कुणी पाहिलेले नाहीत, पण सासूला बघून पळणारे जावई गल्लोगल्ली दिसतात. जावई जितका जोरात पळेल तितका सासूचा मान मोठा, आणि सासू जितकी लपेल तितका जावयाचा.

आणि ही बाई काखेत जिवंत कोंबडी घेऊन, हातगाडीला वळसा घालून, सरळ त्याच्या तोंडासमोर येऊन ठाकली होती.

“काय रे बोडावाल्या, पाठ धरलीय का तुझी? असा भिंतीकडे तोंड करून काय उभा?”

“सासूबाई, अहो, असं काय करता…” लुबोवाने डोळे गच्च मिटून घेतले.

“सासूबाई? कुणाची?” बाईंनी मागे वळून बघितलं, जशी काही दुसरीच कुणी उभी असेल. “माझ्या दारात कधी तुझी माणसं आली नाहीत, बकरं आलं नाही, मला गोमेसी आली नाही. मला जावई नाही बाबा. माझी लेक कुणा बोडावाल्याच्या खोलीत राहते, एवढंच कानावर आहे. घे, कोंबडी धर.”

लुबोवाने कोंबडी धरली. त्याचे हात कापत होते, पण ते रागाने.

आता बाईंचं चुकत होतं असंही नाही. क्वांजुला झाल्याशिवाय जावई हा जावई नसतो. मुलाकडच्यांनी पांढरे झगे घालून, टोपल्या, बकरी, साखर, साबण, मेव्हण्याला कोंबडा आणि सासूला नेसायला नवी कोरी गोमेसी घेऊन मुलीच्या दारात जायचं, दोन्हीकडच्या भाडोत्री बोलक्यांनी दिवसभर एकमेकांची टर उडवायची, आणि दमले की मुलाला ‘आमचा’ म्हणायचं, ही क्वांजुला. लुबोवा ती ‘येत्या डिसेंबरात’ करणार होता. असे डिसेंबर किती आले आणि गेले. एका डिसेंबरात बोडाचं इंजिन बसलं. एका डिसेंबरात थोरल्या सान्यूला शाळेत घातलं आणि सगळी बकरी फीमध्ये गेली. एका डिसेंबरात नाल्याचं पाणी घरात शिरून गाद्या गेल्या. मागच्या डिसेंबरात पैसे खरंच जमले होते, तर धाकटी मिरेंबे जन्माला आली, तीही ऑपरेशन करून. दोन पोरं झाली, संसार झाला, भांडणंसुद्धा लोणच्यासारखी मुरली, फक्त जावई व्हायचं तेवढं राहून गेलं.

बरं, उलटून बोलायची सोय नव्हती. नान्ताले वांडेगेयातल्या एका हॉटेलात चादरी धुवायच्या कामाला जायची. मिरेंबेला सांभाळणारी मुलगी एका सकाळी न सांगता मागच्या गल्लीतल्या बिऱ्हाडाकडे निघून गेली, कारण तिथे चार पैसे जास्त मिळत होते आणि टीव्ही होता. दुसरी ठेवायची ऐपत नव्हती. हॉटेलातल्या मुकादमबाईने बजावलं होतं की आता एक जरी खाडा झाला तर दुसरी बाई दारातच उभी आहे. म्हणून आईला बोलावलेलं. सासू रुसून गावी गेली की नोकरी गेली, नोकरी गेली की सान्यूची शाळा गेली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. लुबोवा मूग गिळून बसला.

टिओपिस्ताबाईंनी मात्र काही गिळलं नाही. “जावईच नाही, तर पडदा कशाला?” म्हणत त्यांनी पहिल्याच दिवशी दोन खोल्यांमधला पडदा उतरवला आणि फाडून मिरेंबेचे लंगोट केले. जेवताना त्या नेमक्या समोर बसायच्या. पोशोचा, मक्याच्या पिठाचा, गोळा मोडता मोडता विचारायच्या, “आज किती कमावलंस?” आणि एक दिवस तर हद्दच झाली. बाईंनी त्याची चड्डी धुतली आणि अंगणाभोवतीच्या सगळ्या भाडेकरूंना दिसेल अशी दोरीवर वाळत घातली.

समोरच्या खोलीतली झैतूनची आई दारात बसून मैद्याचे गोड मंदाझी तळत होती. विधवा बाई, तोंडाने फटकळ, अंगणातली कुठलीही भानगड तिच्या कढईवरून गेल्याशिवाय पुढे जायची नाही. ती झारा हातात घेऊन तशीच उभी राहिली.

“या अल्ला! सासूने जावयाची चड्डी धुतली?”

“जावयाची नाही गं,” टिओपिस्ताबाई नळापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “बोडावाल्याची.”

संध्याकाळी नळावर नान्तालेबरोबर रांगेत उभा राहून लुबोवाने तक्रार मांडली. “तुझी आई मला जिवंतपणी पुरतेय.”

“मग करा ना क्वांजुला.”

“डिसेंबरात करतोय म्हटलं ना!”

“कुठल्या?” नान्तालेने पाण्याचा डबा पुढे सरकवला. “आणि तिचंही ऐका जरा. गावात चर्चच्या बायका तिला विचारतात, टिओपिस्ता, जावयाचं नाव काय गं तुझ्या? कुठल्या घरातला? तिने काय सांगावं? तुमच्या गाडीचा नंबर? लेकीची क्वांजुला झालेल्या बायका पुढच्या बाकावर बसतात, हिला मागे बसवतात. मलाही काही गोड वाटत नाही ते.”

लुबोवाला वाईट वाटलं. पण वाईट वाटून बकरी मिळत नाहीत. रात्रभर त्याने विचार केला आणि सकाळी त्याची खात्री झाली की पैशाने जावई होणं काही यंदा जमत नाही, तर पळून व्हावं. बाई मला जावई मानत नसतील तर नसोत, मी त्यांना सासू मानतो. पळायला काय पैसे पडतात?

त्या दिवसापासून लुबोवा आपल्याच घरात चोरासारखा वावरू लागला. आत येण्याआधी कोपऱ्यावरून तीनतीनदा खाकरायचा. सासू पुढच्या दारात दिसली की मागच्या खिडकीतून चढून यायचा. जेवण बाहेर, भिंतीकडे तोंड करून. बोलायचंच झालं तर मिरेंबेशी. बाळाला एक शब्दही बोलता येत नव्हता, पण घरचा सगळा कारभार तिच्या कानावर घातला जायचा.

“मिरेंबे, तुझ्या आजीला सांग, कोळसा संपलाय का बघा म्हणावं. आणि त्या बीन्समध्ये मीठ अंमळ जास्त पडलं होतं म्हणावं, पण रागावू नका म्हणावं.”

मिरेंबे अंगठा चोखायची.

बाईंना आधी गंमत वाटली, मग राग आला, मग त्या हट्टाला पेटल्या. जावई नसलेला माणूस जावयासारखा पळतो म्हणजे काय! त्या दबा धरून बसू लागल्या. खाकरण्याचा आवाज आला की पुढच्या दारातून मागच्या खिडकीशी धावायच्या. लुबोवाचा एक पाय आत, एक पाय बाहेर, आणि समोर सासू. “ये की, ये की बोडावाल्या, चहा देते!” तो तसाच उलटा उडी मारायचा. बघणाऱ्यांची करमणूक झाली. झैतूनच्या आईचे मंदाझी त्या दिवसांत बरेच खपले, कारण तमाशा बघायला येणारा एखादा तरी घ्यायचाच.

मग तो रविवार आला. अंगणाच्या कोपऱ्यात पत्र्याची न्हाणी होती, तिच्या मागे काळ्या पाण्याचा नाला. लुबोवा आत अंगाला साबण लावून उभा असताना बाईंनी बादली घेतली आणि न्हाणीच्या दाराला चिकटून पाण्याच्या डब्यावर बसकण मारली.

“बाहेर ये रे. बाळाला न्हाऊ घालायचंय.”

आतलं टमरेल थांबलं. टॉवेल गुंडाळून सासूसमोरून जाणं म्हणजे इतक्या दिवसांच्या पळापळीवर पाणी. लुबोवा थांबला. बाई थांबल्या. अंगावरचा साबण वाळून खाज सुटली. पाणी कधीच संपलं होतं. बाईंनी बसल्या बसल्या शेंगा सोलायला घेतल्या.

शेवटी मागच्या बाजूने पत्रा वाजला. लुबोवा वर चढला, पलीकडे वाकला, आणि उडी मारली. टॉवेल खिळ्याला अडकून वरच राहिला. पोटापुढे प्लॅस्टिकचं टमरेल धरून, गुडघाभर काळ्या पाण्यातून, अंगभर साबण माखलेला तो गृहस्थ नाल्यानाल्याने लंगडत निघाला. पोरं काठावरून बरोबर धावत होती. टिओपिस्ताबाई पोट धरून हसल्या. हसता हसता डब्यावरून खाली पडल्या, शेंगा सांडल्या, तरी थांबेनात.

झैतूनची आईही हसली. पण ती आधी थांबली.

“माझ्या झैतूनचा नवरा,” ती कढईत बघत म्हणाली, “तीन ट्रक भरून सामान घेऊन आला होता क्वांजुलेला. फ्रीज सुद्धा आणला होता. माझा नवरा गेला तेव्हा त्याने फोन उचलला नाही. आणि हा तुमचा… जावई नाही तो, बरं का. हा नागडा गटारात गेला. तुमच्यासमोर यायला नको म्हणून.”

टिओपिस्ताबाईंनी शेंगा गोळा केल्या.

लुबोवाचा पाय मुरगळला होता. दोन दिवस भाडी बुडाली आणि नान्तालेने मटोकेच्या जागी पोशो आणि पोशोच्या जागी पातळ लापशी रांधली. तो भिंतीकडे तोंड करून ओसरीवर पडून असताना आतून बाईंचा आवाज आला. “मिरेंबे, तुझ्या बापाला सांग, मिठाच्या गरम पाण्यात पाय ठेव म्हणावं.” लुबोवाला वाटलं, आता माझी नक्कलही करते ही बाई. त्याने पाय मात्र पाण्यात ठेवला.

पाय बरा होतो न होतो तोच नान्तालेने नवा बॉम्ब टाकला. “उद्या मिरेंबेची गोवराची लस आहे. मला सुट्टी नाही. आईला आणि बाळाला तुम्ही केंद्रावर नेऊन आणा.”

“कशावरून?”

“हेलिकॉप्टरवरून. बोडावरून, आणखी कशावरून?”

“माझ्या मागे? तुझी आई? माझ्या कमरेला धरून?”

“नाही धरलं तर पडेल.”

“अगं, मी गटारात उडी मारली ती कशासाठी? सगळा ब्वाइसे बघेल उद्या! थांब्यावरची पोरं बघतील! मग मी कुठला जावई? संपलंच की सगळं.”

“हे बघा सान्यूचे बाबा,” नान्तालेने कपाळाला हात लावला. तिच्या हाताची कातडी साबणाने सोलून निघालेली होती. “दोन दिवस तुम्ही घरी बसलात. सान्यूच्या शाळेतून परत निरोप आलाय. घरची गाडी दारात असताना दुसऱ्या बोडावाल्याला जायचं-यायचं भाडं द्यायला माझ्याकडे पैसे नाहीत. लाज असेल तर थोडी उसनी द्या मला, तीच विकून येते.”

लुबोवाने मान खाली घातली. त्याला इतकं वाईट तो गटारात असतानाही वाटलं नव्हतं. बकरी देता आली नाहीत, गोमेसी देता आली नाही, पळणं तेवढं फुकट होतं, तर तेही आता परवडेना.

सकाळी नान्ताले कामावर गेल्यावर त्याने बोडा पुसला. सीटवर आपल्या आणि सासूच्या मध्ये यावी म्हणून दुमडलेली गोणी ठेवली. हेल्मेटची काच खाली ओढली, म्हणजे थांब्यावरच्या पोरांना तोंड तरी दिसायला नको. मग अंगणाच्या तोंडाशी गाडी लावून आपल्या खोलीच्या दाराकडे बघत उभा राहिला. दार काही उघडेना.

उघडलं ते झैतूनच्या आईचं दार. आतून टिओपिस्ताबाई बाहेर आल्या, चर्चला नेसायची गोमेसी नेसून, पाठीशी मिरेंबेला बांधून. दोन पावलं टाकली, समोर लुबोवा दिसला, आणि बाई “अगं बाई!” करून किंचाळल्या. गर्रकन वळल्या. जागा नव्हती म्हणून पाण्याच्या पिवळ्या डब्यांच्या रांगेमागे खाली बसल्या आणि अंगावरचं कापड डोक्यावरून ओढून घेतलं. डब्यांच्या वर नुसतं मिरेंबेचं डोकं दिसत होतं.

“झैतूनची आई! अगं बघतेस काय? सांग त्या तिथल्याला, तोंड फिरव म्हणावं! बाईमाणसाने जायचं कसं? जावई वाटेत उभा आहे माझा!”

लुबोवाला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं तेव्हा तो इतक्या घाईने वळला की स्टँड निसटून बोडा आडवा झाला. त्याने तो उचललाही नाही. भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि हेल्मेटमध्ये त्याचं नाक वाहायला लागलं.

“ऐकलंस ना रे?” झैतूनची आई झारा हलवत मध्ये उभी राहिली.

“ऐ… ऐकलं.”

“आणि सांग त्याला,” डब्यांमागून आवाज आला, “पहाटेच माझी चटई मी तुझ्या खोलीत आणलीय. जावयाच्या छपराखाली झोपणाऱ्यातली नाही मी. इतके दिवस झोपले ते बोडावाल्याच्या. बाळाला दिवसा इथेच सांभाळीन.”

“विजेचं अर्धं बिल घेईन,” झैतूनची आई म्हणाली. हे ती कुणाचा निरोप म्हणून बोलली नाही.

“देईन,” भिंत म्हणाली.

“आणि लसीला जायला दुसरा बोडा बघ म्हणावं. भाडं त्यानेच द्यायचं. आणि डिसेंबरातली गोमेसी मी सोडलेली नाही, हेही सांग. निळी हवी.”

लुबोवाने थांब्यावरून कासिर्येला बोलावलं. कासिर्ये त्याचाच जोडीदार, पण धंद्यात सख्ख्या भावाला न सोडणारा. तिघींचं भाडं सांगितलं त्याने.

“तिघी कुठे? बाई आणि बाळ.”

“सासू आहे. सासूचा दर वेगळा.”

एरवी लुबोवाने त्याची गचांडी धरली असती. आज त्याने उद्याच्या पेट्रोलचे पैसे काढून त्याच्या हातावर ठेवले, वर म्हणाला, “सावकाश ने. खड्ड्यात घातलंस तर बघ.” मग आपला बोडा उचलला आणि रिकाम्या सीटवर गोणी तशीच ठेवून बरंच अंतर राखून मागोमाग निघाला. थांब्यावरची पोरं ओरडली, “अरे लुबोवा, गाडी रिकामी आणि भाडं कासिर्येला? नागड्याने फिरून डोक्यात वारं गेलं काय?”

त्याने हेल्मेटची काच वर केली. “सासूबाई आहेत,” तो ओरडला. “माझ्या!”

केंद्राच्या मागच्या भिंतीशी तो उभा होता तेव्हा नान्तालेचा फोन आला.

“पोचलात का? झैतूनची आई फोनवर काय सांगतेय? कासिर्येच्या बोडावर गेली म्हणे आई! पैसे वर आलेत का तुमचे? काल मी काय सांगितलं होतं…”

“नान्ताले, ती लपली.”

“काय?”

“मला बघून लपली. पाण्याच्या डब्यांमागे. डोक्यावरून कापड घेऊन. सगळ्यांसमोर म्हणाली, माझा जावई.”

पलीकडे धुलाई यंत्रं घरघरत होती. त्यातच नान्तालेने नाक ओढलं. मागून मुकादमबाई तिच्या नावाने ओरडत होती.

“तुला बोलावतायत गं,” लुबोवा म्हणाला.

“ओरडू दे,” नान्ताले म्हणाली. “परत सांगा. कशी लपली?”

भिंतीपलीकडे मिरेंबेने लसीची सुई लागताच टाहो फोडला होता. लुबोवाने दुसरा कान बोटाने बंद केला आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.